कशात मोजायचं

अहेरीच्या आमच्या बांधकाम उपविभागाच्या कार्यालयात मी हजर व्हायला गेले तेव्हा साहेब खिडकीशी उभे राहून पेन्सिलीला टोक काढत होते. मी नाव सांगितलं, बदलीचा कागद पुढे केला आणि दोन वर्षांचा अनुभव आहे असं जरा ठसक्यात म्हटलं. त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही.

"वर्षात नका सांगू बाई," ते म्हणाले. "वर्षं तर या टेबलालेही झाले. इमारती किती बांधल्या ते सांगा, अन् त्यातल्या किती गळतात ते सांगा."

तीन बांधल्या, एकही गळत नाही, असं मी सांगितलं.

"मंग दोन पावसाळे जाऊ द्या. तेव्हा सांगा."

मला राग आला. पहिल्याच दिवशी आला आणि पुढे बरेच दिवस टिकला. मी चंद्रपूरची, चांगल्या मार्कांनी पास झालेली, आणि हा बुटका, तेल लावून भांग पाडणारा उपअभियंता मला पहिल्या तासात शिकवायला निघाला होता. माणूस ब्रह्मपुरीकडचा, झाडीपट्टीतला. बोली त्यांनी कधी सोडली नाही, गडचिरोलीच्या मोठ्या साहेबांसमोरसुद्धा नाही. कमरेला मोजपट्टीची डबी लावलेली असायची. सुट्टीच्या दिवशी लुंगीवर असले तरी ती तिथेच.

त्यांचा एक प्रश्न सगळ्या कचेरीला पाठ होता. कोणी काहीही सांगितलं की ते विचारायचे, "कशात?" काम खूप झालं. कशात? गाव लांब आहे. कशात? एकदा आमचा शिपाई बाहेरून घाम पुसत आला आणि फार ऊन आहे म्हणाला. साहेबांनी मान वर न करता विचारलं. शिपाई आता तयार झाला होता. "दोन माठांत, साहेब," तो म्हणाला. साहेब खूश झाले आणि त्याला दुपारपर्यंत बाहेरचं काम सांगितलं नाही.

बाहेरच्या माणसाला हे खूळ वाटेल, म्हणून आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. कुठलंही बांधकाम करायचं तर आधी अंदाजपत्रक करतात. माती किती, दगड किती, मजुरी किती. त्यात प्रत्येक गोष्टीचं मोजायचं माप ठरलेलं असतं. रेती ब्रासमध्ये, सिमेंट गोणीत, सळई किलोत, प्लास्टर चौरस मीटरमध्ये, दारं नगावर. हे सगळं छापील दरसूचीत असतं आणि आम्ही बाकीचे ते मुकाट्याने उतरवून घेतो. आमची सगळी हुशारी पुढच्या आकड्यावर खर्च होते. साहेबांचं उलटं होतं. आकड्याचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. आकडा कॅल्क्युलेटर काढते म्हणायचे. त्यांचं डोकं चालायचं ते मापावर.

विहिरीचा किस्सा ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत. कुठल्याशा गावात विहीर खोदायची होती. पहिल्यांदा कंत्राट दिलं नगावर, एक विहीर म्हणजे एक नग. कंत्राटदाराने खालची माती ओली लागताच काम थांबवलं आणि झाला नग म्हणाला. उन्हाळ्यात विहीर कोरडी. दुसऱ्या गावात मीटरवर दिलं. तिथल्या कंत्राटदाराला अर्ध्यातच भरपूर पाणी लागलं, तरी तो खोदतच राहिला, आणि खालचा खडक फुटून पाणी भलतीकडे गेलं.

"ज्यात मोजता ते वाढते," साहेब म्हणायचे. "खड्डा मोजला तर खड्डा वाढते. पाणी नाई वाढत."

मग कशात मोजायचं, असं मी विचारलं होतं.

"ते त्या गावात जाऊन पाहावं लागते. इथी बसून कसं सांगू?"

आणि खरंच ते जाऊन पाहत. आठवडी बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा होती. सुकी मासळी विकणाऱ्या बायका तराजू ठेवत नाहीत, फडक्यावर वाटे मांडतात. साहेब त्या वाट्यांसमोर उकिडवे बसून कितीतरी वेळ बघत राहत. घेणाऱ्याला समोर काय आहे ते दिसतं, विकणारीला तराजू घ्यावा लागत नाही, आणि भांडण झालं तर वर दोन मासे टाकले की मिटतं, हे त्यांना फार आवडायचं. मासळी मात्र घ्यायचे नाहीत. बायका वैतागून म्हणायच्या, "घेऊन नाई राह्यले तर सरका भाऊ, सावली पडते मालावर."

ढिगाचा त्यांना तसा जुनाच नाद. फोडलेल्या दगडाचा ढीग मोजताना दगडांमधल्या फटी वजा कराव्या लागतात, नाही तर सरकार हवेचे पैसे भरतं. या फटींना आम्ही पोकळी म्हणतो. साहेब ती कशातूनही वजा करायचे. एका इमारतीच्या उद्घाटनाला पाहुण्यांनी तासभर भाषण केलं. मी शेजारी बसले होते. टाळ्या वाजत असताना साहेब माझ्याकडे झुकले आणि शांतपणे म्हणाले, "पोकळी वजा जाता सात मिनिटं." पाहुणे समोरच होते. मला हसू दाबताना खोकल्याचं सोंग करावं लागलं.

घरी त्यांची डाळ शिजत नसे. वैशाखी पौर्णिमेला त्यांच्याकडे खीर असायची आणि सगळी कचेरी जायची. एकदा मी खीर छान झाली म्हटलं. साहेबांनी तोंड उघडायच्या आत त्यांच्या बायको स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कशात ते मी सांगतो. गंजात काही उरली नाई, त्यात." आणि आमच्याकडे वळून, "आमच्या लग्नात यायनं माह्या बाबाले इचारलं होतं, मांडव किती मोठा? बाबा म्हणाले, शंभर माणसाचा. हे म्हणाले, बसलेल्या का उभ्या?" साहेब खाली मान घालून खीर खात होते. ते लाजलेले मी तेवढ्याच वेळी पाहिले.

आता ते निवृत्त होऊन गावी भात लावतात. मी इथेच आहे. त्यांच्याबद्दल कोणी विचारलं तर हे किस्से सांगून मी लोकांना हसवते, आणि रपट्याची गोष्ट बहुधा राहून जाते.

भामरागडकडच्या एका गावासमोर नाला आहे. उन्हाळ्यात पोरं त्यात क्रिकेट खेळतात. पावसाळ्यात तो असा वाहतो की गाव पलीकडेच अडकतं. त्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात एक सिस्टर होती, तिशीतली, चंद्रपूरच्याच बाजूची. उन्हाळा लागत होता तेव्हा ती स्कूटरवरून एवढ्या लांब अहेरीला आली आणि साहेबांसमोर बसली. नाल्यावर रपटा करा म्हणाली. रपटा म्हणजे बुटका पूल, खालून पाईप, वरून रस्ता. थोडं पाणी वरून गेलं तरी माणूस जाऊ शकतो.

"कितीक अडचण होते?" साहेबांनी विचारलं आणि सवयीने पुढचा शब्द जोडला, "कशात?"

सिस्टरला त्यांची सवय माहीत नव्हती. तिने सरळ उत्तर दिलं. "बाळंतणीत मोजा, साहेब. मागच्या पावसात गावातल्या मैनीले खाटेवर टाकून नाल्यावर आणलं. पाणी उतरायची वाट पाहत बसलो. लेकरू तिथीच गेलं, काठावर. ती आता पुन्हा पोटुशी आहे. आषाढात दिवस भरतात."

साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग बराच वेळ पेन्सिल कुठे ठेवली ते शोधत राहिले.

अंदाजपत्रक आम्ही भराभर केलं. त्यात कामाची मुदत असा एक रकाना असतो. साहेबांनी तिथे लिहिलं, 'नाला येण्यापूर्वी'. गडचिरोलीहून तो कागद परत आला, मुदत महिन्यांत लिहा म्हणून. त्यांनी महिने लिहिले आणि सही करताना पुटपुटले, "नाला का महिने मोजते?"

पाईप, सिमेंट, रेती हे ट्रॅक्टरने नेलं, मिस्त्री नेले. दगड तिथलेच, नाल्यातले गोटे. ते गोळा करायचे आणि तारेच्या जाळीच्या मोठाल्या पेट्यांत भरून दोन्ही काठांना भराव करायचा. त्यासाठी गावची माणसं हवी होती. मी नियमाप्रमाणे हजेरीचं मस्टर उघडलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत काम, म्हणजे एक हजेरी. झाडाखाली टेबल लावून मी बसले. कोणी आलं नाही.

आलं नाही असं नव्हे. म्हातारी माणसं आली. आणि मैनी आली, सासूला घेऊन. पोट चांगलं दिसत होतं. काठी लागणारा म्हातारा किंवा दिवस राहिलेली बाई उन्हात पूर्ण दिवस गोटे उचलणार असं मी मस्टरवर कसं लिहू? अर्ध्या दिवसाची हजेरी त्यात नव्हती. मी त्यांना परत पाठवलं. धडधाकट माणसं सगळी तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, मागे होती. तेंदूपत्त्याचा हंगाम थोडा असतो आणि वर्षाचं मीठमिरची त्यावर निघतं. कोणी काऊन येईल माझ्याकडे?

गोटे नाल्यात आणि मी झाडाखाली, असा आठवडा गेला. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. साहेबांना फोन केला, तर ते जीप घेऊन आले. कामाच्या जागी मात्र आलेच नाहीत. सरळ तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानांचे पुडे वाळत घालतात त्या मैदानावर गेले आणि मोहाच्या झाडाखाली बसले. संध्याकाळी घरंच्या घरं पुडे घेऊन येत होती. पानं बापाने तोडलेली, पुडे आजीने बांधलेले, नेऊन ठेवले सुनेने. कंत्राटदाराचा मुनशी पुडे मोजत होता. कोणी बांधले, कधी बांधले, बसून बांधले की उभ्याने, हे तो विचारत नव्हता.

साहेब परत आले ते ठरवूनच. "लोकं कामाचेच आहेत, बाई. आपलं माप चुकलं. आपण दिवस मोजून राह्यलो. त्यायच्यापाशी दिवसच नाई, तुकडे आहेत. सकाळी थोडा, फळीवरून आल्यावर थोडा. ढीग मोजू."

मिस्त्रीकडून त्यांनी फळ्या ठोकून एक पेटी करून घेतली. बूड नाही, झाकण नाही. लांबी-रुंदी अर्धा मीटर. उंची मात्र अर्ध्या मीटरहून चार बोटं जास्त. ती चार बोटं पोकळीची. म्हणजे पेटीतच फटी वजा झाल्या, नंतर वाद नको. पेटी जमिनीवर ठेवायची, गोट्यांनी भरायची, उचलून घ्यायची. राहिला तो एक ढीग. असे आठ ढीग म्हणजे एक घनमीटर. कोणीही भरावी, कधीही भरावी. मी ढिगावर चुन्याने खूण करून घराचं नाव लिहायचं, मजुरी घराला.

गडचिरोलीच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. ढीग हे माप दरसूचीत नाही म्हणाले.

"घनमीटर आहे ना साहेब?" आमचे साहेब म्हणाले. "मी त्याचे तुकडे केले, येवढंच. लेखी पायजे तर लेखी देतो, माह्या सहीनं." आणि दिलं. निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. अशा वेळी माणसं सही करताना हात आखडता घेतात, हे मी पुढे पुष्कळ पाहिलं.

पेटी नाल्यात ठेवली आणि गाव लोटलं. फळीवरून परतणारी माणसं वाटेत दोन दोन गोटे उचलून आणू लागली. दिवसभर गावात राहणारे म्हातारे सावलीसावलीने भरत. मैनी सकाळच्या उन्हात सासूबरोबर यायची, थोडं भरून निघून जायची. तिचा ढीग पूर्ण व्हायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागे. त्याची नोंद करायला माझ्याकडे रकाना नव्हता आणि त्याची गरजही नव्हती.

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती. ती साहेबांनीच पाहिली. ते एका ढिगाशी बसले, फटीत बोट घालून बघू लागले. बोट जाईना. दुसऱ्या ढिगाशी गेले. तिथेही तेच. ही माणसं पेटीत गोटे टाकत नव्हती, लावत होती. दगडाला दगड जुळवून, फट राहिली की तीत बारका गोटा बसवून. पोकळी उरलीच नव्हती.

साहेब अस्वस्थ झाले. सिस्टरला बोलावलं, कारण तिला गावची माडिया बोली येत होती. "यायले सांगा, असं ठासून नका भरू. नुसतं टाकत जा. हे तर आपल्याले जास्त दगड देऊन राह्यले."

सिस्टरने सांगितलं. मैनीची सासू काहीतरी बोलली आणि पुन्हा गोटा फिरवून फिरवून बसवू लागली.

"नाई म्हणते," सिस्टर म्हणाली. "पोकळ ढीग आपल्या नावाचा कसा ठेवायचा, म्हणते. चार लोकं येताजाता पाहतात."

साहेबांनी मिस्त्रीकडून करवत मागून घेतली, पेटी आडवी पाडली आणि स्वतः बसून वरची चार बोटं चारी बाजूंनी कापून टाकली. करवत त्यांना नीट चालवता येत नव्हती. कड वेडीवाकडी आली, ती त्यांनी पुन्हा पुन्हा मोजपट्टी लावून सारखी केली. आधी लागलेल्या ढिगांचा हिशेबही मला नव्याने करायला लावला. कशातूनही पोकळी वजा करणारा तो माणूस घामाने निथळत लाकडाची पट्टी कापत होता आणि गाव गोळा होऊन बघत होतं. त्या दिवसापासून माझा राग गेला. मला ते आवडू लागले, असं सरळच म्हणते.

पाईप बसले, मधल्या भागावर काँक्रीट पडलं, गावाकडचा भराव झाला. राहिलं ते रस्त्याकडच्या काठाचं टोक. तिथे जाळीच्या पेट्या भरून झाल्या होत्या, वर काँक्रीट टाकायचं बाकी होतं. तेवढ्यात पाऊस आला, नेहमीपेक्षा लवकर आणि भरपूर. नियमाच्या भाषेत काम अपूर्ण होतं.

दोन दिवसांची झड थोडी उघडल्यावर साहेब आणि मी जीपने रस्त्याकडच्या काठावर पोचलो. रपटा जागेवर होता. वरून घोट्याएवढं पाणी जात होतं, खाली नाला गढूळ आणि तट्ट फुगलेला. आम्ही बघत उभे होतो तेव्हा पलीकडून खाट आली. चौघांनी धरलेली, बाजूला छत्री घेऊन सिस्टर, मागे सासू. खाटेवर मैनी. कळा सुरू झाल्या होत्या. दिवस आषाढाआधीच भरले होते.

पुढचं आधीच सांगून टाकते म्हणजे जीव टांगणीला लागायला नको. आमच्याच जीपमधून ती दवाखान्यात पोचली, दुपारी तिला मुलगी झाली आणि दोघी चांगल्या होत्या. मला सांगायचं आहे ते त्याच्या आधलं, रपट्यावरचं.

काँक्रीटवरून खाट नीट आली. जिथे काँक्रीट संपलं तिथे पुढचे दोघं थांबले. समोर जाळीतले ओले गोटे, वरून पाणी, तारेत पाय अडकायची भीती. एकाने पाऊल टाकलं, ते घसरलं, खाट एका बाजूला कलली. सिस्टरने तिला धरलं. मागे फिरावं तर दवाखाना इकडे. साहेब पाण्यात उतरून जाळीवर चालत त्यांच्यापर्यंत गेले, आणि त्यांच्यामागे मी. मागच्या वर्षीही ही बाई याच नाल्याच्या काठावर अशीच अडकून पडली होती, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मैनी खाटेवर उठून बसली. खाटेच्या कडेला धरून तिने खाली बघितलं आणि काहीतरी म्हणाली.

"खाली उतरवा म्हणते," सिस्टरने सांगितलं. "इथून चालत जातो म्हणते. इथले गोटे तिचे आहेत, तिनं लावलेले. ते हलत नाई म्हणते." मग मैनी आणखी काही बोलली, या वेळी साहेबांकडे बघून. "तुमाले इचारून राह्यली, साहेब. तिचेच आहेत ना?"

तिचे ढीग कुठे गेले ते मला माहीत होतं. गावाकडच्या भरावात, अगदी पहिल्या जाळीत, आता काँक्रीटखाली. चुन्याची खूण मीच केली होती. इथे पायाखाली होते ते दुसऱ्या कुठल्या घरांचे. साहेबांना हे माझ्यापेक्षा पक्कं माहीत होतं, कारण एकेक जाळी भरताना ते समोर उभे होते.

साहेबांनी वाकून पाण्यातल्या गोट्यांकडे पाहिलं. मोजताना पाहायचे तसंच, सावकाश.

"हो," ते म्हणाले. "तिचेच आहेत. ये म्हणा." आणि त्यांनी हात पुढे केला.